मेलेल्या सेलचा डबा

हॅलो?… हां दादा, बोल… नाही, कामावरच आहे, पण पेशंट कपडे बदलतोय, दोन मिनिटं आहेत… एक्स-रेच, दुसरं काय. सकाळपासून चौदा छात्या आणि एक कोपर…

हं, विचार की… काय? तोंडातून गेलेलं बाहेर पडायला किती वेळ… बाहेर म्हणजे कुठून?… अच्छा, तिथून. शब्द उच्चार की रे, चाळिशीला आलास…

नाही हसत. बरं, नाही हसत… हो, शिकलेय ना, परीक्षेला चित्र काढून दाखवलंय सगळं. थांब, पद्धतशीर सांगते.

घास गिळला की अन्ननलिका. गळ्यापासून पोटापर्यंतची नळी. तिथे आठ-दहा सेकंद, बस्स… नाही, पडत नाही तो खाली. नळीच स्नायूंची आहे, मागून आवळत पुढे ढकलते. टूथपेस्ट मागून दाबत आणतोस ना, तशी. तुला उलटं टांगून घास भरवला तरी तो पोटातच जाईल… कर प्रयोग, वहिनी खूश होईल.

मग जठर. आपण पोट म्हणतो ते. तिथे दोन-चार तास घुसळण. आम्ल इतकं जहाल की आपण खाल्लेलं ओळखू येत नाही… जठर स्वतः कसं नाही जळत? चांगला प्रश्न आहे. आतून शेंबडासारखा एक जाड लेप असतो, तो वाचवतो. अन्ननलिकेला तसा लेप नाही जवळजवळ. म्हणून तर आंबट ढेकर आला की छातीत जळतं. ती नुसती वाट आहे रे, तिथे कुणी मुक्काम करायचा नसतो…

मग लहान आतडं. नावाला लहान, सहा मीटर. तुझ्या दुकानाच्या दारापासून मागच्या भिंतीपर्यंत जाऊन परत येशील एवढं. चार-सहा तास. कामाचं सगळं तिथे शोषून घेतलं जातं. आणि मोठं आतडं, तिथे नुसतं पाणी काढून घेणं चालतं, ते सावकाश. एक दिवस, दोन दिवस. तुझ्यासारखा दिवसभर डोळ्याला भिंग लावून वाकून बसलेला असेल तर तीनही…

हो, म्हणजे आज तोंडात गेलेलं आज बाहेर येणं नाही. उद्या-परवा. का पण? होत नाहीये का तुला?… मग कुणाला?

मागे कोण रडतंय?… वहिनी का रडतेय, दादा?

टिकटिकने? काय गिळलं पोरीने?… अरे, हे आधी सांगायचं की. मी इथे आतड्यांची मापं सांगत बसलेय… हो, नाणं आठवतंय मला. मागच्या वर्षी, तीन दिवसांनी आलं, तू धुऊन जपून ठेवलंस. आता काय गिळलं ते सांग. नाणंच?

सेल.

घड्याळातला सेल?… तू पाहिलंस गिळताना?… मग?… अच्छा, तिने वहिनीला सांगितलं, सेल पोटात गेला म्हणून. आणि अर्ध्या तासापूर्वी ती तुझ्या टेबलापाशी बसली होती… श्वास नीट घेतेय? रंग बिंग? ओठ निळे नाहीत?… बरं. बरं, मग ऐक.

आधी मला सांग, कुठला सेल… "छोटाच असेल" नको. असेल-बिसेल नको. टेबलावर काय काम चाललं होतं?… दोन लेडीज घड्याळं. त्यांचे सेल शर्टाच्या बटणाहून लहान. ते बहुतेक जातात पुढे. पण तू मोज. बशीत किती ठेवले होतेस?… सहा. आता किती आहेत?… एकेक बोट लावून मोज… सहा. सगळे आहेत.

मग हिने कुठला गिळला, दादा?

थांब. तो डबा कुठे आहे? मेलेल्या सेलचा. बाबांचा पत्र्याचा, झाकणावर जहाज… खाली? खाली म्हणजे जमिनीवर? तिच्या हाताला येईल असा?… मी काही म्हटलं नाही. उघड. छोटे मोजत बसू नकोस, तिथे शंभर असतील. मोठे बघ. चपटे, मोठे. रिमोटमध्ये, वजनकाट्यात घालतात ते. किती होते?… तुला आठवणारच, तूच टाकतोस. आठव… तीन. वजनकाट्याचा, रिमोटचा आणि गाडीच्या किल्लीतला. आता?…

दोन.

किल्लीतला नाही.

दादा, खाली बसू नकोस. उभा राहा. चपला घाल. वहिनीला सांग, टिकटिकला उचल, गाडी काढा आणि इकडे या. माझ्याकडे… नाही, त्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे नाही. त्यांच्याकडे मशीन नाही, भूल देणारं कुणी नाही. सरळ इथे… दुकान उघडंच टाक. घड्याळं कोण चोरतंय.

मेलेला होता, माहीत आहे मला. तुझ्या किल्लीसाठी मेलेला. किल्लीला जेवढा जोर लागतो तेवढा त्यात उरला नाही एवढंच. आत अजून आहे, दोन-अडीच व्होल्ट आरामात आहेत, आणि त्याला तेवढे पुरतात… कशाला पुरतात, गाडीत बसल्यावर सांगते. केळं?… केळं देऊ नकोस. काही खायला देऊ नकोस. पाणी पण नाही. घशात बोट घालू नकोस, ओकारी काढायची नाही, अजिबात नाही.

मध आहे घरात? असेल तर दोन चमचे दे तिला, आणि बाटली बरोबर घे. दर दहा मिनिटांनी दोन चमचे… औषध नाही ते. लेप आहे. मघाशी म्हटलं ना, त्या नळीला लेप नसतो. तोच वरून देतोय तात्पुरता. पण त्यासाठी थांबू नका, चालता चालता द्या.

हो, धरते, धरते फोन.

— मावशी, त्या काकांना म्हणावं दहा मिनिटं बाहेर बसा. आणि आतल्या सिस्टरना बोलवा, पळत… माझी भाची. सेल गिळलाय, मोठा… चार वर्षांची. हो. दुर्बिणीच्या डॉक्टरना कळवा, भूलवाल्यांनाही. एक्स-रे मी काढते, कुणी हात लावू नका. गाडी आली की सरळ माझ्या टेबलावर.

हां, दादा… निघालात? कोण चालवतंय?… तू नको चालवू, शेजाऱ्यांना… तेच चालवतायत? छान. तू मागे बस. स्पीकरवर नको टाकू, कानाला धर.

सांगते. मोठा सेल किती, वीस मिलिमीटर. चार वर्षांच्या मुलीची अन्ननलिका इतकी अरुंद की वीस मिलिमीटर अडकतं. नळी दोन-तीन जागी नैसर्गिकच आवळलेली असते, घड्याळाच्या पट्ट्याला भोकं असतात तशी, ठरलेल्या जागी. पहिल्याच अरुंद जागी, गळ्याच्या खाली, तो उभा राहतो… नाणंसुद्धा अडकू शकलं असतं. सुटलं ते नशीब. आणि नाणं अडकलं तरी ते नुसतं बसून राहतं. सेल बसून राहत नाही. दोन्ही बाजूंनी ओली भिंत, मध्ये लाळ, लाळ म्हणजे खारट पाणी. सर्किट पूर्ण झालं की तो काम सुरू करतो. तुझ्या किल्लीत करत नव्हता, इथे करतो. त्याच्या एका तोंडाशी कॉस्टिक तयार होतं… हो, तेच. सिंक तुंबल्यावर ओततो ती पूड. बाहेरून नाही गेलेलं, तिथल्या तिथे बनतंय.

दोन तास. दोन तासांत जखम होते, खोल. म्हणून घाई. पण अर्धाच तास झालाय ना, म्हणजे आपण वेळेत आहोत. एक्स-रेवर दिसला की लगेच भूल, दुर्बीण, काढला. मी पाहिलंय हे दोनदा. दोन्ही मुलं शाळेत जातात आता.

तुला दोष देत नाहीये. दादा. ऐक ना… मी देत नाहीये म्हटलं ना.

जिभेवर ठेवून बघत होती? तुझं बघून?… अरे, तू काय, मी काय, आपण सगळेच तेच करायचो. बाबांच्या मांडीवर बसून. झिणझिण झाली तर जिवंत, नाही झाली तर डब्यात. माझं विज्ञान तिथेच सुरू झालं, मीटर घ्यायला बाबांकडे कुठे… हो, तुझ्याकडे मीटर आहे. आहे तरी तू जिभेलाच लावतोस. ते आपण नंतर बोलू. त्या वेळचे सेल केवढेसे होते. गिळला तर रात्री झोपताना आई म्हणायची, उद्या भेटेल.

कुठवर आलात?… फाटक बंद? मालगाडी?… किती डबे… मोजू नकोस, मीच उगाच विचारलं.

कशी आहे ती? काय करतेय?… गप्प बसलीये. टिकटिक गप्प? ते नाव काय उगाच पडलंय का तिचं… मध घेतला? गिळताना?… तोंड वाकडं केलं. रडली. बरं. लाळ गळतेय?… गळतेय. वहिनीचा खांदा भिजलाय. हो, अडकलं की लाळ उतरत नाही खाली…

काय म्हणाली वहिनी?… "कालपासूनच" काय?

दादा, वहिनीला दे फोन.

वहिनी. रडू नकोस, मला नीट सांग. लाळ कधीपासून?… उशी ओली होती. आज सकाळी?… काल सकाळीही. काल जेवली?… नुसतं दूध. पोळी पुढे ढकलली. ताप?… थोडा. मग कोपऱ्यावरच्या डॉक्टरनी घसा बघितला, लाल आहे म्हणाले, गोड औषध दिलं. हं… नाही, त्यांना कसं कळणार, कुणी सेल म्हटलंच नव्हतं.

शी झाली का तिला?… आज सकाळी. हो, विचारायलाच हवंय मला, लाजू नकोस. कशी होती? रंग?…

काळी.

काळी म्हणजे गडद, की काळी?… डांबरासारखी. चिकट. वास?… नाही, नाही, सेलचा गंज नव्हे तो… आत्ता सेलचं कळल्यावर तुम्हाला वाटलं की… बाहेर पडतोय म्हणून बरंच वाटलं. हो. कळलं.

वहिनी, मध थांबव. बाटलीला झाकण लाव. आणखी एक थेंबही नको… मीच सांगितलं होतं, हो. आता मीच नको म्हणतेय. बारा तासांच्या आत असेल तरच मध, त्यानंतर… त्यानंतर त्या भिंतीवर आपण काहीच पाठवायचं नसतं. किती वेळा दिलास?… दोनदा. बरं. तू काही चुकली नाहीस. मी आधी विचारायला हवं होतं.

दादाला दे.

दादा, किल्लीचा सेल तू कधी बदललास?… दिवस सांग… आज नाही. काल दुकान बंद होतं तुझं, साप्ताहिक सुट्टी. मग परवा. परवा किती वाजता?… जेवणानंतर. आणि तू मग आडवा झालास तासभर. डबा खाली होता. हो.

अर्धा तास नाही झालेला, दादा. आज ती नुसती बोलली. गेला तो परवाच.

कशावरून म्हणजे… तुला मघाशी वेळापत्रक सांगितलं ना सगळं. अर्ध्या तासात काही खालपर्यंत पोचत नाही. सकाळी जे बाहेर आलं ते काल सकाळी किंवा त्याआधी वरून निघालेलं होतं… काय निघालेलं? ते आपण इथे आल्यावर… दादा, मला आता हिशेब करू दे. फाटक उघडलं?… उघडलं. चला.

— सिस्टर. अर्धा तास नाही, बेचाळीस-त्रेचाळीस तास. शी काळी. हो, जुनं रक्त, पचून आलेलं… रक्तपेढीला फोन लावा, तिचा गट माझ्याकडे लिहिलेला आहे, देते. आणि छातीचे सर्जन कुठे आहेत? ऑपरेशनमध्ये असले तरी सांगा. दुर्बीण एकट्यांनी घालायची नाही, ते शेजारी उभे हवेत… हो, महाधमनी. सेल अडकलाय तिथून बोटभर अंतरावर आहे ती, जखम तिथवर पोचली असेल तर… मला ठाऊक आहे. हळू बोला, फोन चालू आहे.

नाही दादा, तुला नाही. इथल्या लोकांशी बोलत होते… काही नाही, तयारी. कोण अंतरावर?… अरे, खोलीचं. ऑपरेशनची खोली माझ्या खोलीपासून जवळच आहे, असं म्हणत होते.

वाचेल ना म्हणजे काय. मला फोनवरून आतलं दिसत नाही रे. एक्स-रे काढते, मग सांगते. नाण्याची कड एकेरी दिसते, सेलची दुहेरी, वर्तुळात वर्तुळ. तेवढं मी पाहीन. पुढचं डॉक्टर… खोटं बोलत नाहीये मी. लहानपणी बोलायचे, आता नाही बोलत.

तिच्या कानाला लाव फोन. लाव ना. एक मिनिट.

टिकटिक? आत्या बोलतेय… बोलू नकोस राणी, दुखतंय ना. आपण एक खेळ करू. नखाने फोनवर टक करायचं. हो असेल तर एकदा, नाही असेल तर दोनदा. कळलं का?…

हां, ऐकू आलं. छान टक केलंस. घड्याळासारखं.

बाबा झोपले होते तेव्हा डबा उघडलास?… हो. कुणी रागावणार नाही, शपथ. मोठा चपटा सेल जिभेवर ठेवलास?… हो.

झिणझिण झाली?…

हो.

बाबांनी तर तो मेला म्हणून टाकला होता. पण तो मेला नव्हता, हो ना?… हो. तुला बाबांना उठवून सांगायचं होतं, हा जिवंत आहे म्हणून?… हो. आणि पळता पळता गिळला गेला?… हो.

बरोबर होतीस तू. तूच बरोबर होतीस, बाबा चुकले. आत्याने तपासलंय. आता मला एकच सांग. इथे गळ्यापाशी, अजून होते झिणझिण?…

एक… दोन.

नाही होत. बरं.

बरं, राणी. आता कसलाही खेळ नाही. आईच्या कुशीत कुशीवर पडून राहा, तोंड खिडकीकडे. झोपायचं नाही. आत्याकडे येईपर्यंत जागं राहायचं, खिडकीतून लाल गाड्या दिसतील त्या मोजायच्या. मोठ्याने नको, मनात.

हां, दादा… काही नाही म्हणाली. टकटक केली. हो, हुशार आहे… हात गार आहेत? किती गार?… वहिनीला सांग, डोकं जरा बाजूला ठेव, आणि ओकारी आली तर येऊ दे, अडवू नको, तोंड खाली कर. काहीही बाहेर आलं, कुठल्याही रंगाचं, तरी घाबरून गाडी थांबवायची नाही. ऐकतोयस ना? थांबवायची नाही. शेजाऱ्यांना सांग, सिग्नल तोडा. दंड झाला तर मी बघेन.

मी खाली दारापाशी आलेय. नाही, धावत नाहीये, जिना उतरले म्हणून दम… तो डबा? आता कुठे आठवला तुला डबा… जाळायचा नाही, फुटतात ते. असू दे. तिला काय म्हणायचं होतं ते मी तुला सांगेन नंतर. आत्ता नाही. नंतर, तिच्यासमोरच सांगेन.

पेट्रोल पंप गेला का?… शाळा?… मग आलातच. त्या वळणावर डावीकडे घ्यायचं, मोठ्या दारातून नाही, तिथे पावती फाडत बसतील. छोटं दार. लाल दिव्याचं. मी तिथेच आहे, स्ट्रेचर घेऊन दोघं उभे आहेत माझ्या शेजारी…

काय झालं?… दादा, काय झालं? वहिनी का ओरडली?

किती?… पेलाभर म्हणजे… लाल? काळं नाही, लाल.

तोंड खाली. कुशीवर. बोटाने पुसून घे आतलं, श्वासाची वाट मोकळी राहू दे. थांबू नका… दिसली. दिसली मला गाडी, पांढरी. वळली. हॉर्न सोडू नका म्हणावं.

तू फोन ठेव, दादा… नाही, मी इथेच आहे, दहा पावलांवर. मला आता फोनची गरज नाही आणि तुलाही नाही. ठेव तो. दोन्ही हातांनी धर तिला.